नेणिवेचा (मनाच्या आपल्याला नकळत राहणाऱ्या भागाचा) शोध थेरपिस्ट कसा घेतात? शाईचे डाग, स्वप्नांची वही, संमोहन: माहिती आणि अनुभव हवेत

चाटीगल्ली | शनिवार, रात्री ९:४०

नमस्कार. थोडं लांबलचक लिहिते आहे, पण नीट सांगितल्याशिवाय नीट उत्तरं मिळणार नाहीत.

अप्पा, म्हणजे आमचे वडील, गेल्यापासून माझ्या धाकट्या बहिणीला रात्री अचानक छातीत धडधड, हातपाय गार पडणं, आता आपण मरणार असं वाटणं सुरू झालं. ईसीजी, टूडी इको, थायरॉइड, सगळे रिपोर्ट नॉर्मल आले. फिजिशियननीच मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवलं. त्यांच्या गोळ्यांनी रात्रीचा त्रास बराच कमी झाला आणि सोबत त्यांनी एका क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट मॅडमकडे बसायला सांगितलं.

या मॅडमनी तिला शाईचे डाग असलेली कार्डं दाखवून त्यात काय दिसतं ते विचारलं. अर्धवट वाक्यं पूर्ण करायला दिली. आता उशाशी वही ठेवून पडलेली स्वप्नं लिहायला सांगितली आहेत. बहिणीला तिथे जायला आवडतं. घरात मात्र रोज वाद. आई म्हणते, डाग बघून काय कळतंय, उगाच पोरीला वेडी ठरवतील. मामांना हा पैसे काढायचा उद्योग वाटतो. आणि मावशीच्या ओळखीचं कुणीतरी दोन दिवसांच्या शिबिरात संमोहन करून पार मागच्या जन्मापर्यंत नेतं, म्हणून मावशी म्हणते की तिथे एकदाच जा आणि मोकळी हो.

मला या पद्धतींमागचा विचार समजून घ्यायचा आहे. डागांवरून खरंच काही कळतं का? स्वप्नांचा अर्थ कोण ठरवतं? आणि एक प्रश्न बहिणीचा आहे, तो तिच्याच शब्दांत देते: "मला सांगायचं नसलेलं काही माझ्याकडून काढून घेतील का?"

कडकभाकरी | शनिवार, रात्री १०:०५

काय ओ ताई, घाबरू नका. यासारख्या दोन चाचण्या मी एसएसबीच्या, म्हणजे सैन्यातल्या अधिकारी निवडीच्या, मुलाखतीत स्वतः दिल्या आहेत म्हणून सांगलालोय. तिथं वर्ड असोसिएशन असतं: पडद्यावर एक शब्द येतो, पंधरा सेकंदांत मनात येईल ते वाक्य लिहायचं, असे साठ शब्द. मग टीएटी असतं. धूसर चित्र तीस सेकंद बघायचं आणि चार मिनिटांत त्यावर गोष्ट लिहायची. शेवटचं कार्ड तर कोरंच. त्यावरही गोष्ट लिहायची.

क्लासवाले आम्हाला गोष्टी पाठ करून घेत होते. पण साठ शब्द इतक्या झपाट्यानं येतात की पाठ केलेलं आठवायला वेळच मिळत नाही. जे आत असतं तेच हातातून उतरतं. कोणी माझ्याकडून काही काढून घेतलं असं मला तरी वाटलं नाही. ताणाखाली मी काय विचार करतो ते मलाच दिसलं.

हिप्परगा | रविवार, सकाळी ७:३०

मी निवृत्त प्राध्यापक आहे. मानसशास्त्र शिकवण्यात आयुष्य गेलं, उपचार कधी केले नाहीत, हे आधी स्पष्ट करतो. पद्धतींचा इतिहास सांगतो, कारण तुमच्या मावशींच्या सूचनेचं उत्तर त्यातच आहे.

नेणिवेत शिरायला, मनोविश्लेषण ही उपचारपद्धत उभी करणाऱ्या सिग्मंड फ्रॉइड या डॉक्टरनं सुरुवातीला संमोहनच वापरलं होतं. 1885 साली तो व्हिएन्नाहून पॅरिसला गेला. तिथे शार्को नावाचे मज्जाविकारतज्ज्ञ संमोहनाच्या अवस्थेत रुग्णाचा लुळा पडलेला हात हलवून दाखवत. त्याआधी व्हिएन्नातच योसेफ ब्रॉयर या डॉक्टरांनी 1880 ते 1882 या काळात एका तरुणीवर उपचार केले होते. पुस्तकात तिचं नाव 'ॲना ओ' असं बदलून घातलं आहे. वडिलांच्या आजारपणात त्यांची शुश्रूषा करताना तिला त्रास सुरू झाला: हात लुळा पडणं, पाणी न पिता येणं, नजरेचे विकार. संमोहनात ती एकेका लक्षणाची सुरुवात कुठे झाली ते सांगे आणि लक्षण ओसरे. या प्रकाराला 'बोलण्याचा उपचार' हे नाव तिनंच दिलं. ब्रॉयर आणि फ्रॉइडचं पुस्तक 1895 मध्ये आलं. पण पुस्तकात दिसते तितकी ती बरी झाली नव्हती. ब्रॉयरचे उपचार संपल्यावर तिला सॅनेटोरियममध्ये राहावं लागलं. पुढे ती सावरली आणि बेर्था पापेनहाइम या खऱ्या नावानं जर्मनीतल्या ज्यू स्त्रियांच्या चळवळीची मोठी कार्यकर्ती झाली.

फ्रॉइडनं संमोहन सोडलं. सगळ्यांना ते लागत नसे, आणि लागलं तरी परिणाम टिकत नसे. डॉक्टरशी संबंध बिघडला की लक्षणं परत येत. मग त्यानं रुग्णाला पूर्ण जागेपणी बोलतं करायला सुरुवात केली. कोचावर पडायचं, डॉक्टर मागे, नजरेआड. नियम एकच: मनात येईल ते सगळं बोलायचं. क्षुल्लक वाटलं, लाजिरवाणं वाटलं, विषयाला सोडून वाटलं तरी गाळायचं नाही. 1913 च्या एका लेखात रुग्णाला हे कसं समजवायचं ते त्यानं लिहून ठेवलं आहे: तुम्ही रेल्वेच्या डब्यात खिडकीशी बसला आहात आणि बाहेर बदलत जाणारं दृश्य आत बसलेल्याला सांगत आहात, असं समजा. यालाच मुक्त साहचर्य म्हणतात.

आपल्या देशाचंही यात नाव आहे. कोलकात्याच्या गिरींद्रशेखर बोस यांनी 1922 मध्ये भारतीय मनोविश्लेषण संस्था स्थापन केली. फ्रॉइडशी त्यांचा अनेक वर्षं पत्रव्यवहार होता, भेट मात्र कधीच झाली नाही. 1931 साली फ्रॉइडच्या पंच्याहत्तरीला त्यांनी हस्तिदंती विष्णुमूर्ती पाठवली. पत्रांतून ते फ्रॉइडशी मतभेदही मांडत. दडपलेल्या प्रत्येक इच्छेसोबत तिची उलट इच्छाही मनात असते, असं त्यांचं म्हणणं होतं. वर्गात मी हा भाग नेहमी वेळ काढून शिकवत असे. दूर बसलेल्या एका माणसानं व्हिएन्नाचं सगळं जसंच्या तसं उचललं नाही, याचं मला फार मोल वाटतं.

भिंग | रविवार, सकाळी ९:१५

सरांनी इतिहास छान सांगितला. मी पुराव्याची बाजू मांडतो. तुमच्या घरातल्या वादात आईंचा प्रश्न सगळ्यात चांगला आहे: डाग बघून काय कळतंय?

हेर्मान रोर्शाक हा स्वित्झर्लंडचा मनोविकारतज्ज्ञ. चित्रकला शिक्षकाचा मुलगा. शाळेत मित्र त्याला 'शाईचा डाग' याच अर्थाच्या टोपणनावानं हाक मारत. 1921 मध्ये त्यानं दहा डागांची चाचणी प्रसिद्ध केली आणि पुढच्याच वर्षी, सदतिसाव्या वर्षी, तो गेला. तेच दहा डाग आजही वापरतात. पाच काळे-करडे, दोनांत लाल रंगही, तीन रंगीत. 'हे काय असू शकेल?' एवढंच विचारायचं. दुसऱ्या फेरीत मग कुठे दिसलं आणि कशामुळे तसं वाटलं, ते विचारायचं.

वटवाघूळ दिसलं की अमुक आजार, असं काही नसतं. पूर्ण डाग धरला की कोपरा, आकार पाहिला की रंग, त्यात हालचाल दिसली का, उत्तर डागाच्या आकाराशी कितपत जुळतं, या सगळ्याची नोंद होते. पूर्वी प्रत्येक तज्ज्ञ आपापल्या पद्धतीनं अर्थ लावत असे आणि दोघांचे निष्कर्ष जुळत नसत. 1974 मध्ये जॉन एक्सनर या मानसशास्त्रज्ञांनी गुणांकनाची एकच शिस्त आणली. तरी वाद मिटला नाही. 2013 साली अनेक अभ्यास एकत्र करून मोठा आढावा प्रसिद्ध झाला. विचारांतला विस्कळीतपणा, आकलनातली गडबड पकडण्यासाठी ही चाचणी चांगली ठरते, पण स्वभावाबद्दल तिच्यातून काढले जाणारे कितीतरी निष्कर्ष टिकत नाहीत, असं त्यात दिसलं.

म्हणून तुम्ही मॅडमना सरळ विचारा: ही चाचणी कशासाठी घेतली आणि तिच्या जोडीला आणखी काय पाहिलं? जबाबदार माणूस केवळ डागांवरून निदान करत नाही. आणि हे वाचणाऱ्यांपैकी ज्यांची चाचणी अजून व्हायची आहे, त्यांनी नेटवर डाग शोधून बघू नका. बघून गेलात तर उत्तरं तुमची राहत नाहीत.

स्वप्नवेध | रविवार, सकाळी ११:००

ताई, बहिणीची स्वप्नं इथे लिहा. पाणी, साप, उंचावरून पडणं, मेलेला माणूस दिसणं, प्रत्येकाचा अर्थ असतो. माझा बरीच वर्षं अभ्यास आहे. फुकट सांगतो.

निरंजनी | रविवार, दुपारी १२:२०

चाटीगल्ली, कृपया स्वप्नं इथे लिहू नका. ती वही तुमच्या बहिणीची आहे.

मी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहे, सोलापुरातच काम करते. तुमच्या बहिणीला मी पाहिलेलं नाही, त्यामुळे तिच्याबद्दल काहीही बोलणार नाही. पद्धतींबद्दल लिहिते.

स्वप्नवेध यांनी चांगल्या मनानं लिहिलं असेल, पण थेरपीत साप म्हणजे अमुक अशी यादी घेऊन कोणी बसत नाही. असली बाडं फ्रॉइडच्या आधीही होती. 1900 सालच्या पुस्तकात त्यानं वेगळा रस्ता घेतला. स्वप्नाचे तुकडे करायचे आणि एकेका तुकड्यावर त्याच माणसाला विचारायचं की यावरून तुला काय आठवतं. प्रतीकांच्या ठरावीक अर्थांचा मोह त्याला पुढे झाला, हेही खरं. आज मी विहिरीचं स्वप्न ऐकते तेव्हा मला फक्त एवढं जाणून घ्यायचं असतं की या बाईच्या आयुष्यात विहीर कुठे होती. एखादीला आजोळची शेतातली विहीर आठवते, तिथे ती पोहायला शिकलेली असते. दुसरीच्या गल्लीत कुणीतरी जीव दिलेला असतो. दोघींच्या स्वप्नांना एकच अर्थ मी कसा देऊ? कित्येकदा अर्थ लागतही नाही. तेव्हा आम्ही स्वप्नातली भावना तेवढी धरतो: जाग आली तेव्हा भीती होती, राग होता की हायसं वाटलं होतं?

झोपेच्या अभ्यासकांनी 1953 नंतर बंद पापण्यांखाली डोळे वेगानं हलतात ती झोपेची अवस्था मोजायला सुरुवात केली. स्वप्न म्हणजे मेंदूच्या खालच्या भागातून आपोआप उठणाऱ्या लहरींना वरच्या मेंदूनं जोडलेली गोष्ट, असा सिद्धांत 1977 मध्ये आला. समजा तो पूर्ण खरा आहे. तरी ती गोष्ट जोडली कोणी? त्याच माणसानं, स्वतःजवळच्या सामानातून. माझ्या कामाला तेवढं पुरतं.

आता तुमच्या बहिणीच्या प्रश्नाकडे येते. माझ्या मते या धाग्यातला तोच मुख्य प्रश्न आहे.

नाही, कोणी काढून घेत नाही. घेऊ शकतही नाही. एखाद्या विषयाशी आल्यावर माणूस गप्प होतो, हसून विषय बदलतो, पुढच्या वेळी उशिरा येतो किंवा यायचंच विसरतो. याला प्रतिरोध म्हणतात. जुन्या काळी तो मोडायचा अडथळा मानला जाई. आम्हाला शिकवलं गेलं ते असं की तिथे थांबायचं. मन ज्या गोष्टीवर पहारा देतं, ती त्याला कधीतरी जड गेलेली असते. पहारा उठवण्याआधी पहारेकऱ्याला भरवसा वाटायला हवा, आणि त्याला महिने लागले तर लागू द्यावेत.

दुसरी वाट म्हणजे थेरपिस्टबद्दल मनात उठणाऱ्या भावना. वडिलांना कधी उलट न बोललेली मुलगी एक दिवस माझ्यावर चिडते, कारण मी घड्याळाकडे पाहिलं. तो राग मला मिळाला तरी त्याचा धागा मागे, दुसऱ्या कुणापर्यंत गेलेला असतो. यालाच ट्रान्सफरन्स म्हणतात. माझ्या अनुभवात कार्डं आणि चित्रं यांच्यापेक्षा हीच वाट जास्त खोल नेते, कारण जुनी गोष्ट तिथे नुसती आठवत नाही, समोर घडते. म्हणून सांगते, बहीण एखाद्या दिवशी म्हणाली की मॅडम आवडत नाहीत, जाणार नाही, तर घरच्यांनी लगेच थेरपिस्ट बदलू नये. तेच वाक्य तिनं मॅडमना जाऊन सांगावं.

आणि कोचावर झोपवून काही करतील अशी आईंना भीती असेल, तर सांगा की आता बहुतेक ठिकाणी समोरासमोर खुर्च्या असतात.

चाटीगल्ली | रविवार, दुपारी ३:१०

निरंजनीताई, तुमचं उत्तर बहिणीला वाचून दाखवलं. 'पहारा' शब्दाशी ती थांबली आणि परत वाच म्हणाली.

भिंग, आईचा प्रश्न चांगला आहे म्हणालात ते आईला फार आवडलं. आता ती पुढचं विचारते: जे विचारून कळतं ते सरळ विचारून का घेत नाहीत? आडवाट कशाला?

हिप्परगा | रविवार, सायंकाळी ५:००

आईंना माझा नमस्कार सांगा. याचं उत्तर स्विस मनोविकारतज्ज्ञ युंगच्या प्रयोगात आहे. 1904 च्या सुमारास झुरिकच्या बुर्गहोल्झ्ली रुग्णालयात कार्ल युंग शंभर शब्दांची यादी घेऊन बसत असे. तो एक शब्द बोले, समोरच्यानं सुचेल तो शब्द सांगायचा. उत्तरापेक्षा उत्तराला लागलेल्या वेळाकडे त्याचं लक्ष असे. हातात घड्याळ, सेकंदाच्या पाचव्या हिश्शापर्यंत मोजणी. 'टेबल', 'डोकं', 'हिरवा' यांना माणूस पटापट उत्तरं देतो आणि मधल्याच एखाद्या शब्दाला अडखळतो, तोच शब्द परत उच्चारतो, हसतो. का अडखळलो हे त्यालाही सांगता येत नाही. असे अडखळलेले शब्द एकत्र ठेवले की त्यांच्या मागे एकच दुखरी जागा दिसू लागते. आपण सहज बोलतो तो 'कॉम्प्लेक्स' हा शब्द मानसशास्त्रात रूढ झाला तो याच कामातून.

सरळ विचारलं असतं तर तो माणूस खोटं बोलला नसता. त्याच्याजवळ सांगायला उत्तरच नव्हतं. आडवाट घ्यावी लागते ती एवढ्यासाठी.

पूर्वभागातली | रविवार, रात्री ८:४५

मी इथे फारशी लिहीत नाही, पण सरांचा युंग वाचून राहवलं नाही. बुर्गहोल्झ्लीतल्या माणसाला त्याच्या भाषेत शब्द विचारले असणार. आपल्या सोलापुरात कोणत्या भाषेत विचारायचे?

आमचं घर तेलुगू. अम्मा विड्या वळायची, नाना लूमवर. शाळा मराठी, गल्लीत दखनी, लग्नानंतर शेजार सगळा कानडी. बाळंतपणानंतर मला डिप्रेशन आलं तेव्हा मी एका थेरपिस्टकडे जात होते. बाई मनापासून काम करणाऱ्या. त्या मराठीत विचारायच्या, मी मराठीत सांगायची, आणि माझं मराठी चांगलं आहे. सगळं सांगितलं मी. सासू, नोकरी सुटणं, बाळाचं रडणं. व्यवस्थित, क्रमानं, बातमी सांगावी तसं. डोळ्यांत पाणी आलं नाही. बाईंनी एकदा विचारलं, लहानपणी रडलीस की घरी काय म्हणायचे? मी मराठीत सांगायला तोंड उघडलं आणि वाक्य तेलुगूत बाहेर पडलं, अम्माच्या आवाजात. मग मी थांबूच शकले नाही.

त्यांना तेलुगू येत नव्हती. त्यांनी मला तेलुगूतच बोलू दिलं. नंतर विचारलं, यातलं मला किती सांगावंसं वाटतं? थोडं सांगितलं. त्या दिवसापासून आमचं काम वेगळंच झालं.

म्हणून चाटीगल्ली, बहिणीला एक विचारा. ती ती वही कोणत्या भाषेत लिहिते?

निरंजनी | रविवार, रात्री १०:३०

अक्का, तुम्ही लिहिलंत ते आमच्या शिक्षणात फार कमी शिकवलं जातं आणि या शहरात रोज लागतं.

सरांनी सांगितलेल्या ॲना ओची एक गोष्ट इथे जोडते. तिची मातृभाषा जर्मन. आजारात एका टप्प्यावर तिची जर्मन हरवली. तिला फक्त इंग्रजी बोलता येत होतं, घरच्यांशी, नर्सशी, सगळ्यांशी. म्हणजे 'बोलण्याचा उपचार' हे नाव जिनं दिलं, तिनं ते परक्या भाषेत दिलं. ज्या घरात वडील मरणाच्या दारात होते, त्या घराची भाषा तिच्या तोंडून येत नव्हती.

पुढे दुभाषिक माणसांवर बरंच संशोधन झालं. पहिल्या भाषेतले रागावण्याचे, लाड करण्याचे, शिवीचे शब्द अंगाला जास्त भिडतात, असं खूप लोक सांगतात. पण उलटंही घडतं, आणि मी ते पाहिलं आहे. जी गोष्ट आईच्या भाषेत तोंडातून निघूच शकत नाही, शरम असते म्हणून किंवा मार खाल्लेला असतो म्हणून, ती दुसऱ्या भाषेत अंतर ठेवून सांगता येते. तेव्हा मातृभाषाच वापरा असा नियम करून उपयोग नाही. माणूस कुठे भाषा बदलतो तिकडे थेरपिस्टचं लक्ष हवं. मुक्त साहचर्याचा नियम 'मनात येईल ते' असा आहे. मग ज्या भाषेत येईल त्या भाषेत, हेही त्यातच आलं.

कडकभाकरी | रविवार, रात्री १०:५०

एसएसबीत मी सगळं इंग्रजीत लिहिलं होतं. आता विचार करलालोय की ते वाक्य मराठीत वेगळंच आलं असतं बे.

मोहोळकर | सोमवार, सकाळी ८:००

थोडं वेगळं विचारतो. बनावट स्टॅम्प पेपरच्या तेलगी प्रकरणात टीव्हीवर नार्को दाखवलं होतं. इंजेक्शन दिलं की माणूस खरं बोलतो. मग डॉक्टर लोक हे उपचारात का वापरत नाहीत? वर्षानुवर्षं बसण्यापेक्षा एकदाच काम होईल.

भिंग | सोमवार, सकाळी ९:०५

कारण माणूस त्या औषधानं बोलतो, खरंच बोलतो असं नाही. पेंटोथॉल या गुंगीच्या औषधानं भान सैल होतं आणि विचारणाऱ्याला जे हवं त्याकडे झुकायची प्रवृत्ती वाढते. सर्वोच्च न्यायालयानं 2010 साली सेल्वी विरुद्ध कर्नाटक या खटल्यात सांगितलं की संमतीशिवाय नार्को, पॉलिग्राफ किंवा ब्रेन मॅपिंग करता येणार नाही. संमतीनं चाचणी झाली तरी त्यात बोललेलं थेट पुरावा ठरत नाही.

आणि चाटीगल्ली, मावशींच्या शिबिराला माझा ठाम विरोध आहे. संमोहनात आठवण अधिक अचूक होत नाही. ती खरी आहे ही खात्री तेवढी वाढते. 1995 मध्ये एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॅकलिन पिकरेल या मानसशास्त्रज्ञांनी 24 जणांना लहानपणच्या चार प्रसंगांची वर्णनं दिली. तीन खरे, घरच्यांकडून मिळवलेले. चौथा बनवलेला: तू लहानपणी मॉलमध्ये हरवला होतास. साधारण चौथ्या हिश्शाच्या लोकांना तो पूर्ण किंवा अंशतः 'आठवला'. तेही कसलंही संमोहन न करता. त्याच सुमारास अमेरिकेत थेरपीतून 'परत मिळालेल्या' आठवणींवरून कित्येक घरं मोडली, खटले झाले. वडील नुकतेच गेलेल्या मुलीला गुंगीत नेऊन मागच्या जन्मातला मृत्यू दाखवणं म्हणजे तिच्या दुःखात दुसऱ्याची गोष्ट मिसळणं आहे. ती गोष्ट मग तिच्या मनातून काढायची कोणी?

निरंजनी | सोमवार, दुपारी १:१५

भिंग यांच्याशी पूर्ण सहमत. संमोहनाचा वापर वेदना किंवा चिंता कमी करण्यासाठी प्रशिक्षित लोक करतात, त्याबद्दल तक्रार नाही. विसरलेलं खणून काढायला मात्र ते वापरू नये.

सगळ्या वाटा फ्रॉइडच्याच आहेत असंही नाही. ॲरन बेक मुळात मनोविश्लेषकच. नैराश्याच्या रुग्णांच्या स्वप्नांत स्वतःवर उलटलेला राग सापडेल म्हणून त्यांनी ती तपासली. सापडले ते हरण्याचे, गमावण्याचे, हिरमुसण्याचे प्रसंग. तिथून त्यांनी वेगळी थेरपी उभी केली. तिच्यात एक साधी रीत आहे: प्रत्येक उत्तराखालचं उत्तर विचारत जायचं. धडधडलं तर काय होईल? मी मरेन. मेलीस तर? आई एकटी पडेल. ती एकटी पडली तर त्यातून तुझ्याबद्दल काय ठरतं? इथे माणूस बराच वेळ गप्प बसतो, आणि मग येतं: मी कुणालाच वाचवू शकत नाही. पाच मिनिटांपूर्वी हे वाक्य त्याला माहीत नव्हतं. ना कोच, ना डाग. वरचं उदाहरण मी रचलेलं आहे, कुणा रुग्णाचं नाही.

जुळेसोलापूर_आई | सोमवार, दुपारी ४:४०

धाग्याच्या विषयात बसतं का माहीत नाही. मुलगा सात वर्षांचा आहे, आजोबा गेल्यापासून शाळेत बोलत नाही. लहान मुलं कुठून मनात येईल ते सांगणार? त्यांच्यासाठी काय करतात?

निरंजनी | सोमवार, सायंकाळी ६:३०

बसतं की. मुलांचं मुक्त साहचर्य म्हणजे खेळ. मेलनी क्लाइन आणि फ्रॉइडची मुलगी ॲना फ्रॉइड दोघींनी मुलांवर काम केलं आणि खेळाचा अर्थ किती लावायचा यावर दोघींत कडाक्याचे मतभेद झाले. लंडनच्या मार्गारेट लोवेनफेल्ड मुलांना वाळूचा ट्रे आणि छोटी खेळणी देत: घरं, जनावरं, माणसं, कुंपणं. मूल जग मांडतं, बाई बघतात. डॉनल्ड विनिकॉट कागदावर एक वेडीवाकडी रेघ ओढत आणि मुलाला म्हणत, हिचं काहीतरी कर. मग मूल रेघ ओढे, ते पुरी करत. असं करता करता मूल बोलू लागे.

मूल खेळात कुणाला परत परत पुरतं, कुणाला लपवतं, हे बघायचं. 'हे आजोबा आहेत का?' असं घाईनं विचारायचं नाही. घरीही विचारू नका. शाळेत बोलणं पूर्ण बंद असेल तर वाट बघत बसू नका, आधी सिव्हिलच्या मानसोपचार ओपीडीत किंवा तुमच्या बालरोगतज्ज्ञांना दाखवा.

चाटीगल्ली | मंगळवार, रात्री ९:२०

पूर्वभागातली अक्का, तुम्ही विचारलं होतं म्हणून बहिणीला विचारलं. वही मराठीत आहे. आमच्या घरात आम्ही कानडी बोलतो. अप्पा आमच्याशी कधी मराठीत बोललेच नाहीत. ती म्हणाली, स्वप्नात अप्पा कानडीतच बोलतात, मी सकाळी भाषांतर करून लिहिते, कारण मॅडमना वाचता यायला हवं. आणि ते नेमकं काय बोलले ते लिहिताना दर वेळी निसटतं.

मी पुढे काही विचारलं नाही. मामांना 1995 चा प्रयोग वाचून दाखवला. मावशीचं शिबिर रद्द झालं, मामांनी स्वतः फोन करून सांगितलं.

आता दोन प्रश्न. कानडीत लिहून नेलं तर मॅडमना राग येईल का? आणि आई म्हणते आहे की मला एकदा मॅडमना भेटायचंय. तिला बहिणीच्याच वेळेत नेऊ का?

पूर्वभागातली | मंगळवार, रात्री ९:४५

कानडीत लिहू दे. जसं ऐकू आलं तसं. लिपीपण तिला येईल ती.

निरंजनी | मंगळवार, रात्री १०:१०

राग येणार नाही. तिनं कानडीतच वाचून दाखवावं, मग त्यातलं जेवढं सांगावंसं वाटेल तेवढं मराठीत सांगावं. 'लिहिताना निसटतं' हे तिनं तुम्हाला सांगितलं ना, तेही मॅडमना सांगायला हवं. पण ते तिनं सांगायचं, तुम्ही नाही.

आईंना तिच्या वेळेत नेऊ नका. आधी बहिणीची परवानगी घ्या आणि मॅडमकडे आईंसाठी वेगळी वेळ मागा. चाचण्या का घेतल्या, किती दिवस यावं लागेल, गोळ्या कधी कमी होतील, हे सगळं आई विचारू शकतात. वहीत काय आहे हे विचारलं तर मॅडम सांगणार नाहीत. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यानं ती गुप्तता बहिणीचा हक्क आहे. तिच्या किंवा दुसऱ्या कुणाच्या जिवाला धोका असेल तर गोष्ट वेगळी. आईंना हे भेटीआधीच सांगून ठेवा, म्हणजे तिथे वाईट वाटणार नाही.

मामांसाठी: क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते. मॅडमचा नोंदणी क्रमांक विचारा आणि परिषदेच्या संकेतस्थळावर तपासा. त्यात अपमान काही नाही, आम्हाला सवय आहे. आणि भेटीच्या मधल्या दिवसांत रात्री फारच त्रास झाला तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा 14416 नंबर चोवीस तास चालू असतो. मराठीत बोलतात, कानडीतही बोलतात. कोणती भाषा हवी ते फोन लावताना निवडायचं.